हाताने शिवलेल्या गोधडीची किंमत कशी ठरवावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते. माझ्या सासूबाई आणि आमच्या आळीतील पाच जणी हाताने गोधड्या शिवतात. जुन्या सुती साड्यांचे चार थर, कडेने नव्या कापडाचा गोट आणि वरून आखीव धावदोरा, अशी ही आमच्याकडची नेहमीची गोधडी आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका नातेवाईक बाईंनी एक गोधडी मागून घेतली, त्यांच्याकडे ती पाहून आणखी चौघींनी मागवल्या, आणि आतापर्यंत आम्ही साधारण चाळीस गोधड्या विकल्या आहेत. मागणी येणे, पैसे घेणे, माल पाठवणे ही सगळी व्यवस्था मी पाहते.

पाच फूट रुंद आणि साडेसात फूट लांब अशा एका गोधडीचे आम्ही १५०० रुपये घेतो. त्यातील जुन्या साड्या, दोरा, गोटाचे कापड आणि धुण्याचा साबण यांचा खर्च जवळपास ५३० रुपये होतो. शिवणाऱ्या बाईला मी ७०० रुपये देते आणि उरलेल्या २७० रुपयांत माझे फोन, जाणे-येणे आणि बांधणीचे सामान भागवते. मागच्या महिन्यात आमच्यातील एक मावशी म्हणाल्या, "खुरपायला गेले तर संध्याकाळी पैसे हातात पडतात, इथं डोळे जातात आणि पैसे कधी मिळतील ते ठाऊक नाही." त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही. दुसरीकडे ग्राहक १५०० रुपयेच जास्त झाले असे म्हणतात, कारण बाजारात यंत्रावर शिवलेली "गोधडी" आठशे रुपयांना मिळते.

पुण्यातील एका दुकानाने माल ठेवून घेण्याची तयारी दाखवली आहे, पण विक्रीच्या किमतीतून ते ४० टक्के ठेवून घेणार आहेत. काही ग्राहक स्वतःच्या आईच्या किंवा आजीच्या साड्या पाठवून त्यांची गोधडी करून मागतात. ते काम घ्यावे की नाही, याबद्दलही आमच्यात दोन मते आहेत. शिवाय बेंगळूरहून विचारणा आली आहे आणि परराज्यात माल पाठवायचा तर जीएसटी लागतो, असे कोणी तरी सांगितले. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. प्रश्न बरेच आहेत, पण मुळाशी किंमतच आहे असे मला वाटते.

धावदोरा

ताई, मी बार्शी तालुक्यात गेली अकरा वर्षे महिलांच्या एका गटाबरोबर हेच काम करते आहे. आपला प्रश्न वाचताना आमची पहिली तीन वर्षे आठवली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गोधडीची किंमत ग्राहकापासून मोजत मागे आणायची नसते, ती सुईपासून मोजत पुढे न्यायची असते. आम्ही हे मोजमाप कसे करतो ते सांगते. आपली गोधडी ६० इंच बाय ९० इंच आहे, म्हणजे तिचे क्षेत्रफळ ५४०० चौरस इंच झाले. दोन ओळींत एक इंच अंतर ठेवले, तर दोरा उभा घाला, आडवा घाला किंवा कडेपासून मध्याकडे चौकोनात फिरवत न्या, एकूण शिवण ५४०० इंचच भरते. ती होते ४५० फूट. अंतर अर्ध्या इंचाचे केले की तीच शिवण ९०० फूट होते. बघणाऱ्याला दोन्ही गोधड्या सारख्याच आकाराच्या दिसतात, शिवणारीच्या हाताला मात्र एकीचे काम दुसरीच्या दुप्पट असते, आणि बहुतेक ठिकाणी दोघींची किंमत एकच लावलेली असते. आमच्याकडची पहिली मोठी चूक हीच होती.

आता वेळ पाहू. आमच्या बायका चार थरांतून तासाला सरासरी बारा फूट धावदोरा घालतात. त्या हिशेबाने ४५० फुटांना साडेसदतीस तास लागतात. साड्या उसवणे, धुणे, विरलेला भाग कापून काढणे, थर अंथरून कच्चे टाके घालणे, गोट लावणे आणि कोपरे वळवणे यांना आणखी सात-आठ तास जातात. एकूण पंचेचाळीस तास धरा. आपण ७०० रुपये देता, म्हणजे तासाला साडेपंधरा रुपये झाले. रोजगार हमीच्या कामाचा महाराष्ट्रातील २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये आहे. आठ तासांनी भागले तर तो तासाला ३९ रुपये पडतो. माती उचलण्याच्या कामाला जो किमान दर सरकारने ठरवला, त्याच्या निम्म्याहून कमी पैसे आपण एका कसबी हाताला देत आहोत. आपल्या मावशी अगदी खरे बोलल्या. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, कारण आम्ही तर सुरुवातीला पाचशेच देत होतो.

आम्ही सध्या तासाला ६० रुपये धरतो. पंचेचाळीस तासांचे २७०० रुपये आणि सामानाचे ५३० मिळून ३२३० रुपये हा गोधडीचा मूळ खर्च झाला. यात आपला स्वतःचा वेळ, बांधणी, प्रदर्शनाचे भाडे, परत आलेला किंवा डाग पडलेला माल यांसाठी किमान तीस टक्के घाला. किंमत ४२०० रुपयांच्या आसपास जाते. ही संख्या प्रथम पाहिल्यावर छातीत धडकी भरते, हे मला माहीत आहे. आम्ही एका वर्षात १४०० वरून ३८०० वर गेलो, तेव्हा त्या हिवाळ्यात आमची विक्री निम्म्यावर आली. तरीही बायकांच्या हातात आदल्या वर्षापेक्षा जास्त पैसे पडले आणि डोळ्यांवरचा ताण निम्मा झाला. पुढच्या दोन वर्षांत ग्राहक हळूहळू पुन्हा वाढले, पण ते वेगळे ग्राहक होते.

आणखी एक सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. आपल्या भागातही बायकांना शिवायला सवड मिळते ती रब्बीची काढणी आटोपल्यावर, म्हणजे मार्च ते मे या महिन्यांत. गोधडी विकली जाते ती नोव्हेंबर ते जानेवारीत. मधले सहा महिने पैसा कापडात अडकून पडतो, आणि तो कोणाचा अडकतो हा खरा प्रश्न आहे. आमच्याकडे पहिली काही वर्षे तो शिवणाऱ्या बाईचाच अडकत होता, कारण "विकली की देऊ" अशी पद्धत होती. आता गोधडी पूर्ण होऊन तपासली की आठ दिवसांत मजुरी दिली जाते, मग ती गोधडी विकली जावो अथवा न जावो. त्यासाठी गटाने बँकेतून कर्ज उचलले आणि त्याचे व्याज आम्ही किमतीत धरतो. आपल्या मावशींची तक्रार नीट वाचली तर ती दोन गोष्टींबद्दल आहे: पैसे किती, आणि पैसे कधी. दुसऱ्या गोष्टीचे उत्तर आपण दरवाढीच्या आधीसुद्धा देऊ शकता.

पावसाळ्यात साठवणीची काळजी घ्या. पूर्ण वाळलेली गोधडीच घडी घालून ठेवा, दर पंधरा दिवसांनी ऊन मिळाले की उलगडा आणि घडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घाला. डांबराच्या गोळ्या ठेवू नका, कारण तो वास चार धुण्यांनंतरही जात नाही आणि लहान मूल असलेले ग्राहक अशी गोधडी परत पाठवतात.

काठपदर

माझे पुण्यात हस्तकलेच्या वस्तूंचे छोटे दुकान आहे, त्यामुळे ४० टक्क्यांच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. दुकानाचे भाडे, वीज, मदतनीस मुलीचा पगार आणि महिनोन्महिने न विकता पडून राहणारा माल यांचा विचार केला, तर ३५ ते ४० टक्के हा दर अवाजवी म्हणता येत नाही. मात्र दुकानदाराने माल विकत घेतला आहे की नुसता ठेवून घेतला आहे, हा फरक कृष्णाकाठ यांनी आधी स्पष्ट करून घ्यावा. माल पैसे देऊन उचलला, तर धोका दुकानदाराचा असतो आणि ४० टक्के त्याला शोभतात. "विकला गेला तर पैसे देऊ" अशी बोली असेल तर धोका आपला राहतो, आणि मग २५ टक्क्यांच्या वर जाऊ नये असे माझे मत आहे. किती नग दिले, कोणत्या तारखेला दिले, पैसे किती दिवसांत मिळणार, मळलेला वा फाटलेला नग परत आला तर त्याची भरपाई कोण करणार, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. ओळखीतील माणसांशी असे लिहून घेणे अवघड वाटते, पण ओळख टिकते ती या कागदामुळेच.

धावदोरा यांच्या हिशेबाशी मी सहमत आहे, तथापि ४२०० रुपयांची गोधडी दुकानात ठेवून विकायची, तर दुकानाचा वाटा धरून तिची किंमत सहा-सात हजारांवर जाईल. तीच गोधडी आपण घरून ४२०० ला दिली तर दुकानदार पुन्हा आपला माल ठेवणार नाही, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही. म्हणून थेट विक्री आणि दुकान यांसाठी वस्तूच वेगळ्या ठेवाव्यात, असे मी सुचवतो. मोठ्या गोधड्या मागणीप्रमाणे घरून विका. दुकानासाठी बाळाचे दुपटे, उशीचे अभ्रे, पाटावर घालायची चौकोनी आसने आणि खांद्याच्या पिशव्या करा. तीन फूट बाय साडेतीन फूट आकाराच्या तीन थरी दुपट्याला धावदोरा यांच्याच पद्धतीने मोजले तर १२६ फूट शिवण लागते, म्हणजे साडेदहा तास, आणि कापड लागते अर्ध्या साडीच्या आसपास. अशी वस्तू बारशाला भेट म्हणून सहज उचलली जाते आणि ती वर्षभर विकली जाते, हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

मोठ्या गोधडीची किंमत खाली आणायचीच असेल, तर ओळींतील अंतर दीड इंच करता येईल. त्याने शिवण ३०० फुटांवर येते आणि बारा-तेरा तास वाचतात.

धावदोरा

काठपदर, दुपट्यांची सूचना उत्तम आहे, परंतु दीड इंचाला माझा स्पष्ट विरोध आहे. गोधडीत रजईसारखा कापूस नसतो. तिची ऊब आणि तिचे वजन हे थरांमुळे असते, आणि ते थर एकमेकांना धरून ठेवण्याचे सगळे काम धावदोरा करतो. जुने सुती कापड मऊ पडलेले असते. दीड इंचाच्या अंतराने शिवले तर पाच-सहा धुण्यांत आतले थर सरकतात, मध्ये गोळे होतात आणि कडेला पोकळ पिशवी तयार होते. आम्ही हे करून पाहिले आहे. त्या वर्षीच्या नऊ गोधड्या ग्राहकांनी परत आणल्या आणि आम्ही त्या पुन्हा शिवून दिल्या, म्हणजे वाचवलेले तास व्याजासह परत द्यावे लागले. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडमधील सिद्दी बायकांची कवंदी, ही सगळी जुन्या कापडाचे थर धावदोऱ्याने बांधण्याचीच कामे आहेत, आणि त्या सर्वांत टाका दाट असतो तो केवळ शोभेसाठी नाही. किंमत कमी करायची तर आकार कमी करावा, टाका विरळ करू नये.

यंत्रावरच्या आठशे रुपयांच्या गोधडीबद्दलही लिहायचे राहिले. तिच्याशी किमतीत स्पर्धा करण्याचा विचार मनातून काढून टाका. फक्त ग्राहकाला फरक ओळखता यावा अशी व्यवस्था करा. यंत्राची शिवण दोन्ही बाजूंनी सलग रेघेसारखी दिसते. हाताच्या धावदोऱ्यात टाका आणि रिकामी जागा अशी आळीपाळीने येते आणि पाठीमागेही तसेच दिसते. त्या स्वस्त गोधडीत बहुतेक वेळा आत कृत्रिम धाग्याचा पातळ थर असतो, जो घाम शोषत नाही. आम्ही प्रत्येक गोधडीबरोबर एक चिठ्ठी देतो. तीवर किती साड्या वापरल्या, ओळींतील अंतर किती, शिवायला किती तास लागले आणि कोणी शिवली एवढेच लिहिलेले असते. प्रदर्शनात किमतीवरून होणारी घासाघीस या एका चिठ्ठीने जितकी कमी झाली, तितकी दुसऱ्या कशानेही झाली नाही. "४५ तास" हा आकडा वाचल्यावर माणूस थांबतो.

जमाखर्च

मी लेखापाल आहे आणि बचत गटांचे हिशेब पाहतो. करांबाबतचा गोंधळ दूर करण्याचा प्रयत्न करतो.

महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर गेल्याशिवाय जीएसटी नोंदणी सक्तीची नाही; ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. आपली उलाढाल याच्या जवळपासही नाही, त्यामुळे राज्यात, घरून किंवा प्रदर्शनात, आपण नोंदणीशिवाय विकू शकता. संकेतस्थळ चालवणाऱ्या मोठ्या विक्री-मंचांवर माल लावायचा झाला, तर पूर्वी लहानातल्या लहान विक्रेत्यालाही नोंदणी घ्यावी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अट शिथिल झाली आहे: आपल्या राज्यापुरतीच विक्री करणाऱ्या लहान विक्रेत्याला पॅनच्या आधारे जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा मंचावर माल विकता येतो.

परराज्यात वस्तू विकणाऱ्याला मात्र उलाढाल कितीही असली तरी नोंदणी लागते, हा सर्वसाधारण नियम आहे. हस्तकलेच्या वस्तूंना यातून २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सूट दिलेली आहे, परंतु ती सरसकट नसून अधिसूचनेत दिलेल्या वस्तूंच्या यादीपुरती आहे. तिच्याबरोबर पॅन आणि ई-वे बिलाची (मालाच्या वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या कागदाची) अटही जोडलेली आहे. आपली गोधडी त्या यादीत कोणत्या नोंदीखाली बसते, हे कराडमधील एखाद्या करसल्लागाराकडून लेखी घ्यावे आणि त्यानंतरच बेंगळूरची मागणी नियमित स्वीकारावी. लेखी यासाठी म्हणतो की, तोंडी सल्ला देणारा पुढे प्रश्न निर्माण झाल्यावर आपल्या बाजूने उभा राहील याची खात्री नसते. ग्राहकाने स्वतःच्या साड्या दिल्या आणि आपण फक्त शिवून दिले, तर ती वस्तूची विक्री नसून सेवा ठरते. दोन्हींच्या मर्यादा वेगळ्या असल्यामुळे वहीत या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून निराळ्या पानावर ठेवा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, अवश्य करा. ती १ जुलै २०२० पासून आधारच्या आधारे होते, पूर्णपणे मोफत आहे आणि कोणतेही कागदपत्र चढवावे लागत नाही. तिच्यासाठी दोन-तीन हजार रुपये मागणारी खासगी संकेतस्थळे सरकारी वाटावीत अशीच दिसतात, तेव्हा सावध राहा. आमच्या एका गटाने असे पैसे भरले आणि त्यांच्या हाती आले ते मोफत मिळणारेच प्रमाणपत्र. याशिवाय हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडून कारागिरांना "पहचान" ओळखपत्र मिळते, आणि त्या कार्यालयाच्या मेळ्यांत व प्रशिक्षणात सहभागी व्हायचे तर ते उपयोगी पडते. ते शिवणाऱ्या प्रत्येक बाईच्या नावाने काढावे, केवळ विक्री पाहणाऱ्या व्यक्तीच्या नावाने काढू नये.

आपल्या सहा जणी बचत गटात नसतील, तर तालुक्याच्या "उमेद" (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) कार्यालयात जाऊन चौकशी करा. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात गटांना त्याच मार्गाने जागा मिळते. पुण्याची भीमथडी जत्राही डिसेंबरच्या सुमारास, म्हणजे आपल्या विक्रीच्या ऐन हंगामात भरते. स्वतः भाडे भरून कुठे गाळा घेणार असाल, तर आधी एक आकडा काढा: भाडे, प्रवास, राहणे आणि जेवण यांची बेरीज करून तिला प्रत्येक गोधडीमागे आपल्याकडे उरणाऱ्या रकमेने भागा. जितक्या गोधड्या उत्तर येईल, तितक्या विकल्याशिवाय तो गाळा तोट्याचा आहे.

पाठवणीच्या खर्चाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवा. खासगी कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला बहुधा ५००० ने भागतात, आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा मोठा असेल तर त्याचेच पैसे लावतात. पावणेदोन किलोची गोधडी ४५ बाय ३५ बाय १८ च्या खोक्यात घातली, तर ती साडेपाच किलोंहून जास्त मोजली जाईल. तीच घट्ट दाबून, दोरीने आवळून, कापडी पिशवीत ३५ बाय ३० बाय १२ पर्यंत आणली, तर अडीच किलोंवर येते. टपाल खात्याचे पार्सलचे दरही जरूर विचारून पाहा.

बेंगळूरकर

मी विकणारी नाही, विकत घेणारी आहे, पण कृष्णाकाठ यांच्या एका प्रश्नावर मला लिहावेसे वाटते.

माझी आजी सांगलीची होती. तिच्या मागे कपाटात अकरा नऊवारी सुती साड्या राहिल्या. आईला त्या देववत नव्हत्या आणि नेसणारे कोणी उरले नव्हते. बोहारणीला द्याव्यात असा विषय निघाला, तेव्हा आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही. शेवटी आम्ही त्या एका बाईंकडे गोधड्या करायला दिल्या आणि तीन भावंडांसाठी तीन गोधड्या झाल्या. त्यांनी प्रत्येकी २८०० रुपये शिलाई सांगितली आणि आम्ही एक अवाक्षर न काढता दिली. आठशे रुपयांच्या गोधडीशी तुलना करण्याचा विचार त्या वेळी कोणाच्याही मनात आला नाही. तेव्हा हे काम अवश्य घ्या, एवढीच माझी विनंती आहे.

मात्र ते घेताना एक जबाबदारी येते. त्या बाईंनी आधी सगळ्या साड्यांची छायाचित्रे काढून पाठवली, कुठला काठ वर दिसायला हवा ते विचारले आणि कात्री लावण्याआधी आईशी फोनवर बोलल्या. एका साडीचे कापड इतके विरले होते की ती आतल्या थरातही टिकली नसती. त्यांनी ती न कापता परत दिली. उरलेले लहान तुकडेही एका पुरचुंडीत बांधून आले. त्या पुरचुंडीने आईला जे समाधान दिले, ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

धावदोरा

बेंगळूरकर ताईंनी लिहिले ते तंतोतंत खरे आहे, आणि ती काळजी न घेतल्यास काय होते हे मी सांगू शकते. चार वर्षांपूर्वी आमच्याकडे एकाच आठवड्यात दोन घरांच्या साड्या आल्या. दोन्हींत हिरव्या रंगाची, जवळपास सारख्याच काठाची एकेक साडी होती. धुऊन एकाच दोरीवर वाळत घातल्या आणि उचलताना अदलाबदल झाली. गोधडी घरी पोहोचल्यावर त्या ताईंचा फोन आला, "हा काठ माझ्या आईचा नाही." त्या रागावल्या नाहीत, फक्त रडल्या. दुसऱ्या गोधडीतून तो काठ उसवून, त्यांची गोधडी पुन्हा शिवून आम्ही दिली, दोन्ही घरांची माफी मागितली आणि कोणाकडूनही पैसे घेतले नाहीत, तरी ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हापासून प्रत्येक साडीच्या टोकाला पांढऱ्या पट्टीवर ग्राहकाचा क्रमांक दोऱ्याने शिवला जातो, साडी कापल्यास प्रत्येक तुकड्यालाही तो लागतो, आणि एका वेळी एकाच घराच्या साड्या भिजवल्या जातात. शाईने लिहू नका, ती धुण्यात जाते.

साडी घेण्याआधी दोन्ही हातांत धरून हलके ताणून पाहा. कापड चरचरले तर ते वरच्या थराला चालणार नाही, हे तेव्हाच सांगून टाका. रेशमी आणि जरीच्या साड्या घेऊ नका, किंवा त्यांचा केवळ काठ सुती कापडावर लावून द्या. जरीची तार टोचते, धुण्यात काळी पडते आणि सुईही तुटते. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. शिलाईचा दर शिवणीच्या फुटांवरच ठरवा, "साड्या तर आमच्याच आहेत" असे कोणी म्हटले तरी तो कमी करू नका, कारण अशा कामात उलट वेळ जास्त लागतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी मी घड्याळ आणि शिंप्याची टेप घेऊन सासूबाईंजवळ बसले. त्यांच्या ओळींतील अंतर पाऊण इंच निघाले, म्हणजे त्यांची एक गोधडी ६०० फुटांची असते, आणि त्यांचा वेग तासाला अकरा फूट आहे. साडेचौपन्न तास! मी त्यांना ७०० रुपये देत होते. संध्याकाळी सहाही जणींना बोलावून हा हिशेब मोठ्याने वाचून दाखवला. कोणी काही बोलले नाही, मग मावशी म्हणाल्या, "आमचं काम कधी कोणी मोजलंच नव्हतं."

आम्ही असे ठरवले आहे की येत्या हंगामात मोठ्या गोधड्या फक्त दहा करायच्या, एक इंचाच्या अंतराने, आणि त्यांची किंमत ४२०० ठेवायची. सासूबाई म्हणतात की त्यांचा हात पाऊण इंचापेक्षा विरळ चालत नाही, म्हणून त्यांच्या गोधडीचा दर वेगळा राहील. बाकी वेळ दुपट्यांना द्यायचा. मजुरी गोधडी तपासल्यावर आठ दिवसांत द्यायची, त्यासाठी गटाची नोंदणी करून कर्जाची चौकशी सोमवारी करणार आहोत. दुकानाला दुपटी देऊ, पण कागदावर सह्या झाल्यावरच. बेंगळूरची मागणी करसल्लागाराला भेटेपर्यंत थांबवली आहे आणि तिथून विचारणा करणाऱ्यांना तसे कळवले आहे.

एकच शंका उरली. ग्राहकाच्या साड्यांपैकी एक गडद लाल आहे आणि तिच्या शेजारी पांढरी साडी लावायची आहे. लाल रंग सुटला तर काय करावे?

धावदोरा

शिवण्याआधीच खात्री करून घ्या. लाल साडीचे आतल्या बाजूचे टोक कोमट पाण्यात भिजवा, त्यावर पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा ठेवून वर वजन ठेवा आणि एक तासाने उचलून पाहा. तुकडा गुलाबी झाला तर साडी एकटीच तीन-चार वेळा धुऊन पुन्हा तीच परीक्षा करा. तरीही रंग येत राहिला, तर लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गडद रंगाची पट्टी लावून भागत नाही, कारण पाणी थरांतून झिरपते. अशा वेळी ग्राहकाला फोन करा आणि लाल साडीची वेगळी लहान गोधडी किंवा उशीचे अभ्रे सुचवा.